आजोबांच्या पेटीतील चार लष्करी बटणे : पलटण आणि काळ कसा ओळखावा?

दौलतगंजकर (ग्वाल्हेर)

नमस्कार. आमचे कुटुंब चार पिढ्यांपासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. माझे आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते. वसुलीच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडत, आणि नांगरताना किंवा विहीर खणताना वर आलेली जुनी नाणी, शिशाच्या गोळ्या, बटणे असे काहीबाही शेतकरी त्यांना हौसेने आणून देत. ते गेल्यानंतर ही पेटी माळ्यावर पडून होती. गेल्या महिन्यात घराची डागडुजी करताना ती खाली आली. नाण्यांविषयी मला थोडेफार कळते, बटणांविषयी मात्र काहीच कळत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

पेटीत चार बटणे आहेत आणि प्रत्येक वेगळ्या कागदी पुडीत बांधलेले आहे.

पहिले पितळी, किंचित फुगीर, सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचे आहे. त्यावर मुकुट, ढाल, एका बाजूस सिंह आणि दुसऱ्या बाजूस एकशिंगी घोडा आहे. पाठीमागे इंग्रजी अक्षरांत 'स्मिथ अँड राइट, बर्मिंगहॅम' असे कसेबसे वाचता येते. पुडीवर 'मुरार', म्हणजे ग्वाल्हेरजवळच्या जुन्या छावणीचे नाव, एवढेच लिहिले आहे.

दुसरे करड्या रंगाचे, जवळजवळ सपाट आणि आकाराच्या मानाने जड आहे. पाठीमागे लोखंडी कडीचा गंजलेला तुकडा उरला आहे. पुढच्या बाजूस इंग्रजी आकड्यांत ४ स्पष्ट दिसतो आणि त्याच्या शेजारचा आकडा शून्य असावा. ही पुडी फाटलेली असून तिच्यावर मोडीत दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत 'महाराजपुर' येथपर्यंत वाचता येते, पुढचा कागद गेला आहे. दुसऱ्या ओळीत मला 'चौंडी' असे दिसते, पण अहिल्याबाईंचे चौंडी अहिल्यानगर जिल्ह्यात, तेव्हा तेथील वस्तू आजोबांकडे कशी आली असेल, हे कोडे सुटत नाही.

तिसरे पितळी असून त्यावर फणा काढलेला नाग आहे. चौथे लहान आणि सपाट आहे, त्यावर नक्षी काहीच नाही, पाठीमागे मात्र 'ट्रेबल गिल्ट' अशी अक्षरे गोलाकार कोरलेली आहेत. हे एखाद्या पलटणीचे नाव आहे का?

चारही बटणांची पुढून आणि मागून घेतलेली छायाचित्रे, तसेच दुसऱ्या पुडीचे छायाचित्र जोडले आहे. ही बटणे कोणत्या लढाईतील असावीत, आणि ती स्वच्छ करण्यासाठी काय वापरावे? ओळखीच्या एकांनी चिंचेने घासून पाहा असे सुचवले आहे. परदेशातील एका संग्राहकाने पहिल्या दोन बटणांसाठी बरी किंमत देऊ केली आहे, हेही सांगून ठेवतो.

फुलबागेचा शेजारी (ग्वाल्हेर)

पहिल्या बटणाबाबत मला शंका वाटत नाही. सिंह आणि एकशिंगी घोडा हे इंग्लंडच्या राजघराण्याचे चिन्ह आहे आणि मुरारची लढाई १६ जून १८५८ रोजी झाली. इंग्रज सेनापती सर ह्यू रोज याच्या फौजेने त्या दिवशी मुरार घेतले, दुसऱ्या दिवशी कोटा की सरायजवळ राणी लक्ष्मीबाई पडल्या, आणि २० जूनला किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला. पुडीवर 'मुरार' असे स्पष्ट लिहिले असताना हे बटण सर ह्यू रोजच्या एखाद्या शिपायाचे आहे असे मानण्यास हरकत नसावी. अशी वस्तू परदेशी पाठवण्यापेक्षा फुलबागेतील राणींच्या समाधीजवळ कोठेतरी ठेवली गेली तर अधिक शोभेल.

जुनी छावणी (मुरार, ग्वाल्हेर)

फुलबागेच्या शेजाऱ्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, परंतु पहिल्या बटणाचा निष्कर्ष मान्य करता येत नाही. कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडच्या राजाच्या फौजेत पायदळाच्या शिपायांच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक असावा, असा हुकूम १७६७ मध्ये निघाला. तेव्हापासून सुमारे शंभर वर्षे साध्या शिपायाच्या बटणावर त्याच्या पलटणीचा आकडा असे, आणि बटण ओळखण्याचे काम त्या मानाने सोपे असते. १८५५ पर्यंत ही बटणे कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची, म्हणजे ज्याला इंग्रजीत प्यूटर म्हणतात त्याची, ओतून केलेली असत. १८५५ मध्ये ती बदलून पितळी झाली. अधिकाऱ्यांची बटणे मात्र पूर्वीपासूनच सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा दिलेली असत, म्हणून धातूवरून काळ ठरवताना बटण शिपायाचे की अधिकाऱ्याचे हे आधी पाहावे लागते. पुढे १८७१ मध्ये पायदळातील साध्या शिपायांची क्रमांकाची बटणे बंद करण्यात आली आणि सर्वांना राजचिन्हाचे, म्हणजेच सिंह आणि एकशिंगी घोड्याचे, एकच सामान्य बटण देण्यात आले. दौलतगंजकरांचे पहिले बटण या जातीचे दिसते. जे बटण १८७१ मध्ये शिपायांच्या अंगावर आले, ते १८५८ मध्ये मुरारच्या मैदानात पडलेले असणे शक्य नाही.

मग ते मुरारमध्ये कसे आले, असे कोणी विचारील. आपल्याकडे लढाईचे दिवस लोकांच्या स्मरणात राहतात आणि छावणीची वर्षे विसरली जातात, ही अडचण मला नेहमी जाणवते. १८५८ नंतर इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी दोन्ही आपल्याकडे ठेवली. १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात ती शिंद्यांना परत मिळाली. म्हणजे २८ वर्षे मुरारमध्ये गोऱ्या पलटणी येत होत्या आणि जात होत्या. तेथे कवायती होत, धोब्याकडे कपडे पडत, शिंप्याच्या दुकानात जुने कोट उसवले जात, आणि मोडक्या कडीचे बटण शिपाई उकिरड्यावर फेकून देई. लढाई एका दिवसात आटोपते, छावणीचा कचरा मात्र रोज साचतो. मुरारच्या कोणत्याही शेतातून निघालेल्या शंभर बटणांपैकी बहुतेक सर्व या कचऱ्यातील असणार, असे धरूनच पुढे चालावे.

दुसरी गोष्ट हवामानाची. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरभोवती उष्णतेने शिपाई पडत होते, स्वतः रोजलाही त्या मोहिमेत उन्हाचा तडाखा बसला होता. त्या उन्हाळ्यात अनेक तुकड्यांनी जाड लाल बनाती कोट बाजूला ठेवून हलके, मातकट रंगाचे सुती कपडे घातले होते. जो कोट अंगावरच नव्हता, त्याचे बटण रणांगणावर गळणार कसे? जूनच्या लढाईतील बटण म्हणून कोणी काही दाखवले, तर मी निदान हा प्रश्न आधी विचारतो.

मुकुटाकडेही लक्ष द्यावे. व्हिक्टोरियाच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. १९०१ नंतर, सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीपासून १९५२ पर्यंत, त्या गोलाकार, घुमटासारख्या वर उचललेल्या दिसतात. दौलतगंजकरांनी दिलेल्या छायाचित्रात कमानी दबलेल्या वाटतात, म्हणून हे बटण १८७१ ते १८८६ या अवधीतील आणि मुरार छावणीतीलच असावे, असे माझे मत आहे. पाठीमागचे नाव बटण बनवणाऱ्या कारखान्याचे आहे. बर्मिंगहॅम हे त्या शतकात बटणांच्या उद्योगाचे केंद्रच होते, त्यामुळे त्या गावाचे नाव आढळले तर त्यावरून पलटणीविषयी काही कळत नाही. कारखान्याचा पत्ता मात्र कधीकधी उपयोगी पडतो, कारण लंडनच्या फर्मिनसारख्या जुन्या पेढ्यांचे पत्ते काळानुसार बदलत गेले आणि बटणांवरील मजकूरही त्याबरोबर बदलला.

चौथ्या बटणाचा निकाल लवकर लागतो. 'ट्रेबल गिल्ट' म्हणजे तिप्पट मुलामा, ही मालाच्या दर्जाची जाहिरात आहे, पलटणीचे नाव नव्हे. असली सपाट मुलामा दिलेली बटणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साहेब लोकांच्या साध्या कोटांवर सर्रास असत. तिसरे, नागाचे बटण, आपल्याच संस्थानचे आहे. नाग हे शिंद्यांच्या राजचिन्हात आहेत, ग्वाल्हेरच्या जुन्या पैशांवर ते अनेकांनी पाहिले असतील. पण संस्थानी बटण म्हणजे लष्करी बटण असे समजू नये. फौज, पोलीस, जकात नाके, दरबारातील हुजरे आणि चोपदार या सर्वांच्या गणवेशावर संस्थानचे चिन्ह असू शकते. नागाच्या खाली किंवा भोवती एखादे अक्षर असल्यास ते कळवावे.

दुसऱ्या बटणाबद्दल मी आज मुद्दाम काही लिहीत नाही. त्याचे छायाचित्र दिव्याचा उजेड अगदी बाजूने, जवळजवळ आडवा पडेल असा ठेवून पुन्हा घ्यावे. वरून पाडलेल्या उजेडात झिजलेले आकडे दिसत नाहीत.

फुलबागेचा शेजारी (ग्वाल्हेर)

१८७१ ची गोष्ट मला ठाऊक नव्हती, माझे विधान मागे घेतो. एक शंका मात्र राहते. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या हजारो लोकांची बटणे कोठे गेली? जे काही सापडते ते सगळे इंग्रजांचेच कसे?

जुनी छावणी (मुरार, ग्वाल्हेर)

प्रश्न चांगला आहे. शिलेदार आणि एकांडे, म्हणजे आपापल्या घोड्यावर चाकरी करणारे स्वार, अंगरखा किंवा बाराबंदी घालून लढत, आणि त्या कपड्यांना बटणांऐवजी बांधायचे बंद असत. फार तर सुताची किंवा कापडाची गुंडी असे, आणि ती मातीत वर्षभरही टिकत नाही. त्यामुळे मातीत जे उरते ते एकाच बाजूचे उरते. एखाद्या शेतात फक्त इंग्रजी बटणे सापडली म्हणून तेथे फक्त इंग्रज मेले, असे कोणी म्हणणार नाही, पण बटणांच्या आधारे लढाईचे चित्र काढू लागले की नेमकी ही चूक होते. महादजी शिंद्यांच्या चाकरीतील युरोपियन सेनानी दबॉयन याच्या कंपूपासून, म्हणजे कवायती फौजेपासून, पुढे शिंद्यांची कवायती पायदळेही होती, आणि आपल्या लष्कर भागातील कंपू या वस्तीचे नाव त्या शब्दाची आठवण ठेवून आहे. परंतु त्यांच्या बटणांविषयी येथे बोलण्यापेक्षा हातातील चार बटणांपुरते बोलावे हे बरे.

क्षिप्राकाठ (इंदूर)

जुनी छावणी यांचे छावणीविषयीचे म्हणणे आमच्या भागालाही तंतोतंत लागू पडते. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला क्षिप्रेच्या काठी होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्यापाठोपाठ महूची छावणी उभी राहिली. तेव्हापासून आजपर्यंत महूत लष्कर आहे. इंदूरच्या जुन्या बाजारात 'महिदपूरच्या लढाईतील बटण' म्हणून जे विकावयास येते, त्यात महूच्या कोणत्यातरी काळातील सामान्य बटणेच निघतात, आणि मी एकदा तर अशोकस्तंभाचे सिंह असलेले बटण १८१७ चे म्हणून पाहिले आहे. सिंह दिसला की लोक इंग्रजांचा समजतात.

नकली मालाबद्दलही सावध करतो. अलीकडे साच्यात ओतून केलेली बटणे मीठ आणि नवसागर यांच्या पाण्यात ठेवून हिरवी केली जातात. असली हिरवळ नखाने खरवडली तर निघते आणि खाली चकचकीत पिवळा धातू दिसतो. कडी जोडलेल्या ठिकाणी ताजे डाख दिसते. दौलतगंजकरांची बटणे आजोबांच्या पुडीत होती, त्यामुळे तो प्रश्न येथे उद्भवत नाही, परंतु हा धागा पुढे कोणी वाचला तर उपयोगी पडावे म्हणून लिहिले.

पुडीचे छायाचित्र मी काल पाहिले. मोडी थोडी वाचतो, पण कागदाच्या घडीवर अक्षर गेले आहे. पुडी घडी न मोडता हलकेच सपाट करून, वर काच ठेवून पुन्हा छायाचित्र घेता येईल काय?

बडोद्याची विद्यार्थिनी (वडोदरा)

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संग्रहालयशास्त्र विभागात शिकले आहे, त्यामुळे बटणे ओळखण्यावर बोलत नाही, त्यांच्या जतनाविषयी मात्र बोलते.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, राख आणि तांब्या-पितळेची भांडी घासण्याची कोणतीही पावडर या सर्वांपासून ही बटणे दूर ठेवावीत. देवघरातील समई घासताना आपण वरचा थर काढतो आणि खालचा धातू चमकवतो. समईचा धातू जाड असतो, म्हणून ते खपून जाते. बटणावरचे आकडे आणि कारखान्याचे नाव मात्र मिलिमीटरच्या अंशाएवढ्या उंचीचे असते, आणि मातीत राहिलेल्या वस्तूत पुष्कळदा ते आकडे वरच्या तपकिरी-हिरव्या थरातच शिल्लक असतात. तो थर गेला की आकडाही जातो. मुलामा असेल तर तोही त्याबरोबर जातो. पितळेत आणखी एक भानगड असते. आम्लामुळे पितळेतील जस्त आधी निघून जाते आणि तांबूस, सच्छिद्र डाग उरतात. ते पुन्हा पिवळे होत नाहीत.

माती काढायची असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश वापरावा आणि खाचांतील खडे बांबूच्या किंवा बाभळीच्या काट्याने हलकेच सोडवावेत. सुई, टाचणी किंवा ब्लेड वापरू नये. नंतर ते सावलीत पूर्ण कोरडे होऊ द्यावे. पितळी बटणावर फिकट हिरवी, भुकटीसारखी टिंबे दिसू लागली आणि पुसल्यावर पुन्हा आली, तर ते क्षारांमुळे सुरू झालेले दुखणे समजावे आणि ते बटण इतर बटणांपासून तत्काळ वेगळे ठेवावे. पावसाळ्यात हा त्रास वाढतो.

करड्या बटणाबाबत विशेष सूचना करते. कथील-शिशाच्या वस्तू लाकडी पेटीत ठेवू नयेत. लाकडातून आणि साध्या पुठ्ठ्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफेने शिशावर पांढरी पूड धरते. इतकी वर्षे ते टिकले, याचे श्रेय बहुधा माळ्यावरील कोरड्या हवेला द्यावे लागेल. पॉलिथीनच्या झिपच्या पिशवीत, आम्लरहित कागदात गुंडाळून आणि सोबत सिलिका जेलची पुडी घालून ते ठेवावे. शिसे असल्याने हाताळल्यावर हात धुवावेत आणि घरात लहान मुले असतील तर ते त्यांच्या हाती लागू देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजोबांच्या पुड्या फेकू नयेत. बटण कोठे सापडले हे सांगणारा तो एकच पुरावा आहे. प्रत्येक पुडीला आणि तिच्यातील बटणाला एकच क्रमांक द्यावा. पुडीवर तो कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहावा, शाईच्या पेनाने नव्हे.

दौलतगंजकर (ग्वाल्हेर)

सर्वांचे मनापासून आभार. चिंचेचा प्रयोग वेळीच थांबला.

नागाच्या बटणावर खाली अक्षरे नाहीत, काठावर केवळ दोरीसारखी नक्षी आहे. करड्या बटणाचे छायाचित्र टेबलावरील दिवा आडवा ठेवून पुन्हा घेतले असून त्यात आता ४० असे स्वच्छ वाचता येते. पुडीवर काच ठेवून घेतलेले नवे छायाचित्रही जोडतो आहे.

एक प्रश्न राहतो. आमच्याकडे महाराजपुरा म्हटले की विमानतळाचा भाग डोळ्यांसमोर येतो. आजोबांच्या पुडीत तोच भाग असावा का? तेथे लढाई झाल्याचे मी ऐकलेले नाही.

जुनी छावणी (मुरार, ग्वाल्हेर)

४० हा आकडा पाहून मला फार आनंद झाला, पण दोन शंका आधी दूर केल्या पाहिजेत.

पहिली शंका क्रमांकाची. राजाच्या फौजेतील पायदळाची ४० वी पलटण वेगळी आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतील देशी पायदळाची ४० वी वेगळी. कंपनीच्या तिन्ही इलाख्यांतील पलटणींना स्वतंत्र क्रमांक होते, त्यामुळे एकच आकडा अनेक ठिकाणी आढळतो आणि नवशिका संग्राहक त्यातच फसतो. बंगालची ४० वी देशी पलटण २५ जुलै १८५७ रोजी दानापूरला बंड करून उठली. राजाची ४० वी पलटण त्या सुमारास हिंदुस्थानात नव्हतीच. ती १८५४ मध्ये ऑस्ट्रेलियात होती, युरेकाच्या सोन्याच्या खाणीवरील दंगलीत तिचे शिपाई होते, आणि १८६० मध्ये ती न्यूझीलंडच्या लढायांत होती. म्हणून बटण राजाच्या ४० व्या पलटणीचे असेल, तर ते १८५८ चे असूच शकत नाही. मात्र २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेविरुद्ध इंग्रज सेनापती सर ह्यू गफच्या हाताखाली जे गोरे पायदळ लढले, त्यात ३९ वी आणि ४० वी अशा दोन पलटणी होत्या. त्याच दिवशी शिंद्यांच्या फौजेशी पनियारलाही लढाई झाली आणि तेथे ग्रे या इंग्रज सेनानीच्या तुकडीत ३ री आणि ५० वी पलटण होती, म्हणजे ४० हा आकडा पनियारशी जुळत नाही, महाराजपूरशी जुळतो. धातूही जुळतो. १८४३ मध्ये शिपायाचे बटण कथील-शिशाचेच असणार, पितळी नव्हे. ऋतूही जुळतो. डिसेंबरच्या अखेरीस चंबळेच्या बाजूच्या थंडीत शिपायाच्या अंगावर जाड कोट असणे स्वाभाविक आहे.

दुसरी शंका जागेची, आणि ती दौलतगंजकरांनी स्वतःच उपस्थित केली हे बरे झाले. विमानतळाजवळचे महाराजपुरा शहराच्या ईशान्येस आहे. १८४३ च्या लढाईचे महाराजपूर हे वेगळे गाव असून ते ग्वाल्हेरच्या वायव्येस सुमारे २४ किलोमीटरवर आहे. पुडी फाटली तेथे पुढे काना होता की नव्हता, यावर सगळे अवलंबून आहे, आणि तो कागद आता नाही. म्हणून दुसऱ्या ओळीला महत्त्व येते. मोडीचे जाणकार काय वाचतात, ते पाहू.

लढाईविषयी थोडे सांगतो, कारण आपल्या शहरातही तिची आठवण फारशी राहिलेली नाही. शिंद्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी इंग्रजांची इतकी हानी केली की मेलेले आणि जखमी मिळून त्यांचे सुमारे ८०० लोक पडले. शिंद्यांच्या तोफा शेवटी इंग्रजांच्या हाती गेल्या आणि त्यांच्याच धातूपासून कलकत्त्यात ताऱ्याच्या आकाराचे पदक तयार करून ते लढलेल्या शिपायांना देण्यात आले. ते पदक 'ग्वाल्हेरचा तारा' म्हणून ओळखले जाते. आपल्या तोफा वितळवून त्यांचे पदक झाले आणि त्यांचे बटण आपल्या आजोबांच्या पेटीत राहिले.

क्षिप्राकाठ (इंदूर)

काच ठेवून घेतलेल्या छायाचित्राने काम झाले. दुसऱ्या ओळीतील शेवटचे अक्षर 'डी' नाही. जी वेलांटी वाटते, ती वरच्या ओळीतील 'ज' ची खाली उतरलेली शेपटी आहे. तिची शाई पहिल्या ओळीच्या शाईशी सलग जाते, हे छायाचित्र मोठे करून पाहिल्यास दिसते. ती बाजूला काढली की उभा काना उरतो आणि शब्द 'चौंडा' असा होतो. पुढे 'नजीक' असे आहे आणि त्यापुढे एक लहान आडवी रेघ आहे. म्हणजे दोन्ही ओळी मिळून 'महाराजपुर… चौंडा नजीक' असा मजकूर होतो. अहिल्याबाईंच्या चौंडीचा येथे काही संबंध नाही.

जुनी छावणी (मुरार, ग्वाल्हेर)

मग जागेची शंका उरत नाही. शिंद्यांच्या फौजेची मुख्य तटबंदी चौंड्यालाच होती आणि महाराजपूर हे तिच्या पुढचे ठाणे होते. विमानतळाच्या बाजूला चौंडा नाही. आजोबांनी दोन्ही गावांची नावे लिहून ठेवली, यात त्यांच्यातील महसुली कारकून दिसतो. सारख्या नावाची दोन गावे असतील तर शेजारचे गाव लिहावे, ही त्या कामाची सवयच आहे.

आता परदेशी संग्राहकाच्या पत्राविषयी लिहितो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तूत मोडू शकते, आणि पुरावस्तू खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा आहे. देशातही पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. जमिनीतून नव्याने निघालेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून हा धागा वाचून कोणी धातुशोधक यंत्र घेऊन चौंड्याच्या शेतात जाण्याचा विचार करू नये. बटण उपटून काढले की त्याची जागा, खोली आणि शेजारची गोळी हे सर्व एकदमच नाहीसे होते आणि हातात राहतो तो नुसता धातूचा तुकडा.

दौलतगंजकरांनी बटणे आणि पुड्या घेऊन एकदा गुजरी महालातील संग्रहालयात जावे, असे मी सुचवीन. देऊन टाकावीच असे नाही, निदान नोंद होईल.

दौलतगंजकर (ग्वाल्हेर)

संग्राहकाला आज नकार कळवला. 'बडोद्याची विद्यार्थिनी' यांनी सांगितल्याप्रमाणे चारही पुड्यांना क्रमांक दिले आहेत. लाकडी पेटीतून करडे बटण काढून वेगळे ठेवले आहे आणि त्या पुडीसोबत 'चौंडा नजीक' हे वाचन वेगळ्या कागदावर लिहून, वाचणाऱ्यांचे येथील नाव आणि तारीख घालून ठेवले आहे. गुजरी महालात पुढच्या आठवड्यात जाईन.

पेटीच्या तळाशी आणखी एक पुडी निघाली. तिच्यात बटण नाही, शिशाची एक चपटी झालेली गोळी आहे, आणि वर त्याच हस्ताक्षरात 'चौंडा' एवढाच शब्द आहे. काच ठेवून घेतलेले छायाचित्र सोबत जोडतो.